दिवसाची गाडी

शिमगा नुकताच झाला होता. मावशीनं नवनाथांची पोथी बासनात बांधली, चष्मा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "मने, हातपाय चालतायत तोवर एकदा मच्छिंद्रनाथांचा रथ बघायचाय. नेपाळातला. पण जायचं ते गोरखपूरवरून. आधी शिष्याच्या दारात, मग गुरूच्या."

मावशी ७१ वर्षांची. निफाड तालुक्यातल्या तिच्या घरात दर श्रावणात भक्तिसाराचे चाळीसही अध्याय वाचले जातात. गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना जिथे अनुग्रह दिला तो ब्रह्मगिरी तिनं गुडघा बिघडायच्या आधी कितीदा चढलाय, याचा हिशेब नाही. तिच्या लेखी नेपाळ हा परदेश नव्हताच. पोथीतल्या माणसांचं ते एक गाव होतं, एवढंच. मी लगेच हो म्हटलं. मी ४८ वर्षांची, देशाबाहेर कधी पाऊल टाकलेलं नाही आणि प्रयागराजच्या पुढचा प्रवास कधी स्वतः ठरवलेला नाही. तरीही हो म्हणताना मला काहीच अवघड वाटलं नाही. नाशिकरोडहून गोरखपूरला कुशीनगर एक्स्प्रेस जाते, तिकिटं मिळाली. राहिला प्रश्न गोरखपूर ते काठमांडू.

या एका प्रश्नानं दोन महिने माझी झोप उडवली.

गोरखपूरहून काठमांडूला थेट विमान नव्हतं. दिल्लीला उलटं जाऊन उडायचं, तर मावशीची अटच मोडत होती. म्हणजे जमिनीवरूनच जायचं. मी एका कागदावर रकाने आखले आणि ज्याला त्याला विचारत सुटले. जितक्या लोकांना विचारावं तितके रस्ते वाढत गेले. वाराणसीहून काठमांडूला २०१५ पासून थेट बस आहे आणि ती गोरखपूरवरूनच जाते, असं एकानं सांगितलं. पण गोरखपूरला तिच्यात दोन जागा मिळतीलच, याची खात्री कुणी देईना. बिहारातल्या जयनगरहून नेपाळातल्या जनकपूरला रेल्वे जाते, ती २०२२ च्या एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झाली. रेल्वे म्हटलं की माझा जीव भांड्यात पडतो, म्हणून आठवडाभर मी त्याच रस्त्याला चिकटून बसले. मग नकाशा नीट पाहिला, तेव्हा कळलं की गोरखपूरहून जयनगर हेच एक वेगळं लांबचं प्रवासप्रकरण आहे आणि जनकपूरहून काठमांडू तर डोंगरापलीकडे राहतंच.

तिसरा रस्ता रक्सौलचा. मिस्टरांच्या ऑफिसातले एक बिहारी सहकारी अगदी पोटतिडकीनं म्हणाले, "रक्सौल ओलांडलं की बीरगंज, बीरगंजहून टाटा सुमो, हेटौडा, कुलेखानी, आणि पाच तासांत काठमांडू." पाच तास! बाकी सगळे दहा-बारा तासांच्या गोष्टी करत असताना हा आकडा मला अमृतासारखा वाटला. याच वाटेची आणखी एक गोष्ट मी वाचली आणि मावशीला सांगितली. काठमांडूपर्यंत मोटारीचा पहिला रस्ता भारतीय लष्करानं बांधला, तो १९५६ मध्ये सुरू झाला, त्रिभुवन राजपथ. त्याआधी राणांना काठमांडूत मोटारी हव्या असत, पण रस्ता नव्हता. मग भीमफेदीहून डोंगर ओलांडून थानकोटपर्यंत हमाल त्या मोटारी बांबूंच्या तराफ्यावर घेऊन खांद्यावरून वाहून नेत.

मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "खाली टाकली तर मोडली असती गं. आणि मोडलेल्या माणसाचं काय?"

रक्सौलचा रस्ता आखूड खरा, पण घाटाचा. सुमोत दाटीवाटीनं बसायचं, आणि वळणांवर मावशीला उलट्या होतात. शिवाय एक गोष्ट माझ्या कागदावर नव्हती. ती मावशीनंच हळू आवाजात सांगितली. तिला दर दोन तासांनी लघवीला जावं लागतं. हे कुणाला विचारायचं? बस किती तासांनी थांबते, थांबते तिथे बाईमाणसाला आडोसा असतो का, हे वेळापत्रकात लिहिलेलं नसतं. मी किती वाजता सुटते, किती वाजता पोचते, किती पैसे, एवढंच विचारत होते. खरं विचारायला हवं होतं ते हे.

उत्तर सापडलं ते आमच्याच फाटकापाशी.

आमच्या सोसायटीचे रात्रीचे वॉचमन नेपाळचे, पाल्पा जिल्ह्यातले. सगळे त्यांना दाजू म्हणतात. नऊ वर्षं ते आमच्या फाटकावर आहेत. मी दोन महिने जगाला विचारत फिरले आणि रोज रात्री ज्यांच्या हातात चावी देत होते त्यांना विचारायचं मला सुचलं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं. दाजूंनी माझा रकान्यांचा कागद दिव्याखाली धरून पाहिला आणि परत दिला.

"दिदी, सोनौली से जाओ. पैदल पार करो. और दिन की गाडी पकडो, रात की नहीं."

का, ते त्यांनी नीट समजावलं. सोनौलीच्या सीमेपलीकडच्या भैरहवाहून काठमांडूला संध्याकाळी मोठ्या बस सुटतात, त्या रात्रभर चालतात. चालक थकलेला असतो, मुग्लिंगच्या रस्त्याला एका बाजूला कडा आणि एका बाजूला नदी. सकाळी लवकर सुटतात त्या छोट्या गाड्या, तिकडे त्यांना हायस किंवा माइक्रो म्हणतात. पंधरा-सोळा माणसं असतात, म्हाताऱ्या बाईनं थांब म्हटलं तर चालक थांबतो. पुढची, चालकाशेजारची जागा मागून घ्या. "रास्ता दिखना चाहिए," ते म्हणाले. आणि निघताना आणखी एक सांगितलं. बुटवल आलं की सपाटी एकदम संपते, समोर डोंगर उभा राहतो. तिथून सरळ वर जातो तो पाल्पाचा रस्ता. तुमची गाडी उजवीकडे वळेल. "वळायच्या आधी समोर बघा."

त्या रात्री मी कागद फाडून टाकला.

बाकी तयारी सरळ होती. भारतीयांना नेपाळला जायला व्हिसा लागत नाही. १९५० च्या करारानं दोन्हीकडच्या लोकांना ये-जा मोकळी आहे. ओळखपत्र मात्र हवं, पासपोर्ट किंवा मतदार कार्ड. पासष्टीच्या पुढच्यांचं आधारही चालतं, म्हणून मावशी निर्धास्त. माझ्याकडे पासपोर्ट नव्हता. मतदार कार्ड होतं, त्यावरचा वीस वर्षांपूर्वीचा काळपट फोटो माझा आहे हे मलाच पटत नव्हतं. त्या फोटोची मला फार धास्ती वाटे. दोनशे-पाचशेच्या नोटा तेव्हा तिकडे चालत नसत म्हणून बँकेतून शंभराच्या नोटांची दोन बंडलं आणली. शंभर भारतीय म्हणजे एकशे साठ नेपाळी, हा भाव १९९३ पासून बांधलेला आहे. त्यामुळे हिशेब मावशीच तोंडी करत होती.

२० मे २०२४ ला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं. ते करून दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही निघालो.

तीसेक तासांनी गोरखपूर. उन्हाळा असा की फलाटाची फरशी चपलेतून जाणवत होती. या स्टेशनाचा फलाट १३६६ मीटर लांब. २०२३ मध्ये हुबळीचा झाला तोवर जगात याहून लांब फलाट नव्हता, असं मी वाचलं होतं. मावशीचा गुडघा सांभाळत तो चालताना त्या आकड्याचा अर्थ कळला. संध्याकाळी गोरखनाथाच्या मंदिरात गेलो. संक्रांतीला इथे खिचडी वाहतात आणि नेपाळच्या राजघराण्याकडूनही ती येण्याची परंपरा आहे, हे मला माहीत होतं. मावशीला त्याचं काही नव्हतं. तिनं निफाडहून आणलेले मूठभर तांदूळ पदरातून सोडून पायरीवर ठेवले आणि कपाळ टेकवून म्हणाली, "उद्या जाते तुझ्या गुरूंकडे. वाट दाखव."

आणि त्याच रात्री मी चूक केली. स्टेशनाबाहेर एका टेबलावर एक माणूस काठमांडूची थेट तिकिटं विकत होता. दाजूंनी पैदल पार करो म्हटलं होतं. पण "थेट" या शब्दात जादू असते. एकच कागद, एकच जागा, सामान उचलायला नको. दोघींचे २४०० रुपये मी दिले, तेही शंभराच्या नोटा मोजून. त्यानं एका चिठ्ठीवर सीमेपलीकडच्या काउंटरचं नाव आणि फोन लिहून दिला.

सकाळी सहाला त्याच्या पोऱ्यानं आम्हाला आणून बसवलं ते साध्या सरकारी बसमध्ये, जी रोज सोनौलीला जाते. कंडक्टरला आमचे पैसे दिले आणि तो पसार झाला. फरेंदा, नौतनवा, दोन्ही बाजूंना उसाची आणि रिकामी शेतं. नौतनवा सोडलं तसा उजव्या हाताला ट्रक दिसू लागले. एकामागे एक, मैलोगणती, सगळ्यांची तोंडं उत्तरेला. ट्रकाखाली चुली, ट्रकाला बांधलेल्या दोरीवर लुंग्या वाळत घातलेल्या. आमची बस त्यांच्या बाजूनं रांगत चालली होती. एका ट्रकवर लाल जाळीच्या गोण्या होत्या. मावशीनं खिडकीतून हात बाहेर काढला.

"कहाँ का माल है?"

चालक दात घासत होता. "नासिक का प्याज, माताजी."

चार दिवस झाले होते त्याला रांगेत. डिसेंबरपासून कांद्याची निर्यात बंद होती, ती ४ मेला उठली, पण टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि वर ४० टक्के शुल्क लावून. माझ्या मामेभावाचा कांदा त्या पाच महिन्यांत चाळीत सडला होता. मावशी त्या गोण्यांकडे बस पुढे जाईपर्यंत बघत राहिली. "आपल्याआधी निघाला, आणि आपल्यानंतर पोचणार," ती म्हणाली.

बस जिथे थांबली तिथून सीमा चालत दहा मिनिटांवर. मी प्लॅस्टिकची फाइल छातीशी धरली. आत मतदार कार्ड, आधार, दोघींच्या चार-चार झेरॉक्स, फोटो, मावशीच्या औषधांची चिठ्ठी. मनात उत्तरं घोळवत होते. कुठून आलात, कशासाठी, किती दिवस. सशस्त्र सीमा बलाची एक तरुण जवान बायकांच्या पिशव्या तपासत होती. तिनं आमची पिशवी उघडली, चिवड्याचा डबा हलवून पाहिला, मग तिची नजर मावशीच्या बोटावर गेली.

"वोट डाल के आयी हैं?"

"हो. सोमवारी," मावशी मराठीतच म्हणाली आणि डाव्या हाताची तर्जनी उंच धरली. शाई अजून काळीकुट्ट होती.

"हमारे यहाँ एक तारीख को है," ती म्हणाली आणि हातानं पुढे जा अशी खूण केली.

बस्स. माझी फाइल कुणी मागितली नाही. पुढे कमान, तिच्यावर नेपाळात स्वागत, पलीकडे निळसर वर्दीतले नेपाळी जवान. त्यांचं लक्ष आमच्याकडे नव्हतंच. सायकली, रिक्षा, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका यांच्यातून आम्ही दोघी चालत गेलो आणि मी थांबले तेव्हा दुकानांच्या पाट्यांवर बेलहिया लिहिलेलं होतं. मी मागे वळून पाहिलं. कुठल्या पावलाला देश बदलला ते मला कळलं नव्हतं. मी तर परत जाऊन विचारणार होते की कुठे नोंद करायची असते का. मावशीनं हात धरला. "कुणी अडवत नाहीये तर तू कशाला अडतेस?"

अडवत होते ते वेगळ्यांना. नेपाळच्या बाजूला एका टेबलापाशी चार-पाच बायका पिशव्या उघडून उभ्या होत्या. शंभर नेपाळी रुपयांवरच्या मालाला जकात होती. दोन साड्या, तेलाची पिशवी, साखर. एक बाई साखर तीन पिशव्यांत वाटून तिघींच्या हातात देत होती. साडेसतराशे किलोमीटरच्या या मोकळ्या सीमेवर माणूस हात हलवत पार होतो आणि अडकते ती त्याच्या हातातली पिशवी. दोन महिने मी माझ्या फोटोची काळजी करत होते. माझी काळजी चुकीच्या जागी होती.

बेलहियात चिठ्ठीवरचं काउंटर शोधायला लागले. कुणालाच ते नाव माहीत नाही. शेवटी तिकिटांच्या एका दुकानातल्या वयस्कर गृहस्थांनी चिठ्ठी चष्म्याजवळ नेऊन वाचली, त्यावरच्या नंबरला स्वतःच्या फोनवरून दोनदा फोन लावला. बंद. "दिदी, यो त खाली कागज हो," ते म्हणाले, आणि मी समजले नाही असं वाटून हिंदीतही सांगितलं. माझे डोळे भरून आले. पैशांपेक्षा लाज वाटली ती दाजूंचं न ऐकल्याची. सीमेवर तिकीट तुटतं, हे मला कुणी तरी स्पष्ट सांगायला हवं होतं. अलीकडच्या माणसानं पलीकडचं दिलेलं वचन पलीकडे कुणी ओळखत नाही. ज्या बाजूला बसायचं त्याच बाजूला, गाडी डोळ्यांनी बघून पैसे द्यावेत.

त्या गृहस्थांनी सांगितलं, दिवसाची शेवटची गाडी साडेदहाला भैरहवाच्या बसपार्कातून. माझ्या घड्याळात दहा. चार किलोमीटर. रिक्षात बसून मी त्याला घाई करत होते, तो शांतपणे पॅडल मारत होता. पोचलो तेव्हा जागा रिकामी. माझ्या घड्याळात साडेदहाला तीन मिनिटं कमी होती. बसपार्कातल्या भिंतीवर पावणेअकराला तीन कमी. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पाऊण तास नाही, अर्धा तास नाही, बरोबर पंधरा मिनिटं असतं. हे मी वाचलं होतं, घड्याळ मात्र बदललं नव्हतं.

आता संध्याकाळी पाचनंतर रात्रीची बस, किंवा उद्या पहाटेची माइक्रो. बसचा एजंट छान गोड बोलणारा होता. एसी आहे, पाय लांब करता येतात, झोपा, सकाळी काठमांडू. एक दिवस वाचतो, खोलीचं भाडं वाचतं. थकलेल्या माणसाला हे सगळं पटतं. मी मावशीकडे पाहिलं.

"दाजूंनी काय सांगितलं होतं?" ती म्हणाली.

आम्ही बसपार्काजवळच्या एका लॉजमध्ये खोली घेतली. दुपारी लुंबिनीला जाऊन आलो. आदल्याच दिवशी बुद्धपौर्णिमा झाली होती, पताका तशाच होत्या. अशोकाच्या स्तंभापाशी मावशी सावलीत बसून राहिली. रात्री लॉजच्या मालकीणबाईंनी दाल-भात वाढला, तेव्हा मावशीनं कांद्याचा भाव विचारला आणि ऐकून कितीतरी वेळ मान हलवत राहिली.

जुलैत, परत येऊन दीड महिना झाला असताना, पेपरमध्ये बातमी वाचली. १२ जुलैच्या पहाटे नारायणगढ-मुग्लिंग रस्त्यावर सिमलतालला दरड कोसळली आणि रात्रीच्या दोन बस प्रवाशांसकट त्रिशूलीत गेल्या. आमच्या वेळी पावसाळा नव्हता, दरडीचे दिवस नव्हते. पण रस्ता तोच. बातमी हातात घेऊन मी खाली फाटकापाशी गेले. दाजूंनी आधीच फोनवर पाहिली होती. आम्ही दोघं काहीच बोललो नाही.

लॉजमधल्या त्या रात्रीनंतर सकाळी सहाची माइक्रो. पुढची जागा मागून घेतली, मावशी चालकाशेजारी, मी तिच्यामागे. चालक तिशीतला, सहचालक म्हणून जेमतेम मिसरूड फुटलेला पोरगा. मी चालकाला आधीच सांगून ठेवलं की आमच्या मावशीला मधेमधे उतरावं लागेल. तो म्हणाला, "हुन्छ, दिदी." हा शब्द मला त्या दिवशी फार आवडून गेला. होईल, चालेल, ठीक आहे, सगळं त्यात येतं. दर दोन तासांनी तो स्वतःच वळून मावशीला विचारायचा, "आमा, रोकौँ?" कुठल्याही वेळापत्रकात हे लिहिलेलं नसतं.

बुटवल आलं तेव्हा चांगलं उजाडलं होतं. दाजूंनी सांगितलं तसंच. भाताची सपाट खाचरं, घरं, दुकानं आणि एकदम, काही सूचना न देता, रस्त्याच्या शेवटी हिरवा डोंगर उभा. त्याच्या पायथ्याशी तिनाउ नदीची घळ आणि घळीत शिरणारा रस्ता. मी मावशीला खांद्याला हात लावून दाखवला. तोवर गाडी उजवीकडे वळली.

बुटवल ते नारायणगढ सुमारे ११५ किलोमीटर, आणि साडेचार तास लागले. रस्ता रुंद करायचं काम चाललेलं, म्हणजे एका बाजूला उकरलेलं आणि दुसऱ्या बाजूला खड्डे. दाउन्नेच्या चढावर धुळीनं समोरचा ट्रक दिसेना. सगळ्यांनी तोंडाला रुमाल बांधले. मावशीनं पदर. याच टप्प्याबद्दल कुणीच मला सांगितलं नव्हतं, कारण सगळे डोंगराची भीती घालत होते आणि हा तर बहुतेक सपाटीचा भाग. मणका खिळखिळा झाला तो इथे. कावासोतीला जेवायला थांबलो, सकाळचे दहा वाजले होते. नेपाळात मुख्य जेवण याच वेळी. भात, डाळ, भाजी, मुळ्याचं लोणचं, आणि भात संपायच्या आत वाढणारा पुन्हा हजर. मावशीनं दुसऱ्यांदा डाळ घेतली तेव्हा मला धीर आला.

नारायणगढनंतर नदी सुरू झाली आणि बराच वेळ सोडून गेली नाही. त्रिशूली. उन्हाळ्यात पाणी हिरवट, दगडांवरून पांढरं होत येणारं. पलीकडच्या काठावरच्या वस्त्यांना जायला तारेचे झुलते पूल, त्यावरून गणवेशातली एक मुलगी बकरी ओढत नेताना दिसली. मुग्लिंगला मर्स्यांदी येऊन मिळते, तिथून पोखऱ्याचा रस्ता फुटतो. वळणं होती, पण मावशीला समोरचा रस्ता दिसत होता, आणि तिला एकदाही उलटी झाली नाही. दाजूंचं "रास्ता दिखना चाहिए" मी सुरक्षिततेसाठी समजले होते. ते पोटासाठीही खरं होतं. मलेखूला टोपल्यांत तळलेले नदीचे मासे मांडले होते. गाडीतल्या सगळ्यांनी घेतले. आम्ही दोघी चिवड्यावर राहिलो, वास मात्र पुढच्या तासभर सोबत होता. हिमशिखरं म्हणाल तर एकही दिसलं नाही. वैशाखात सगळीकडे धुरकट असतं.

नौबिसेला चालकानं समोरून येऊन मिळणारा एक अरुंद रस्ता दाखवला. "पुरानो बाटो." जुनी वाट. हाच तो १९५६ चा राजपथ, रक्सौलकडून येणारा, जो मी कागदावर तिसऱ्या क्रमांकाला लिहून खोडला होता. पुढे नागढुंगाचा चढ, ट्रकांची रांग, धूर, तासभर इंचाइंचानं. आणि मग खाली उतार आणि पहिली पाटी, थानकोट.

मावशी एकदम सावरून बसली. "हेच का गं ते?"

हेच, म्हटलं.

तिनं हात जोडले. गाडीतल्या बाकीच्यांना वाटलं असेल, काठमांडू आलं म्हणून. मला माहीत होतं ती कुणाला हात जोडत होती.

कलंकीला उतरलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, इथल्या घड्याळानं. साडेअकरा तास.

दुसऱ्या दिवशी काठमांडूशेजारच्या पाटणला गेलो. रथ रस्त्यातच उभा होता. वेत, लाकूड आणि हिरव्या फांद्यांचा साठ फुटांच्या आसपासचा उंच मनोरा, जरासा कललेला, विजेच्या तारांच्या वर गेलेला. चाकांवर मोठे डोळे रंगवलेले. आत लाल मुखाचे मच्छिंद्रनाथ. बौद्ध त्यांना करुणामय लोकेश्वर म्हणून पुजतात, नेवार बुंगद्यः म्हणतात. एका पुजाऱ्यानं हिंदीत गोष्ट सांगितली. गोरखनाथ नागांना आसनाखाली दाबून बसले, बारा वर्षं पाऊस नाही. मग राजा, तांत्रिक आणि शेतकरी असे तिघं कामरूपाला जाऊन मच्छिंद्रनाथांना घेऊन आले. गुरू आलेले पाहून गोरखनाथ नमस्काराला उठले, नाग सुटले आणि पाऊस पडला.

"आमच्या पोथीत हे नाही," मावशी म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पण खरं वाटतं. गुरू आले तर तो बसून राहणारच नाही." तिनं पदरातले उरलेले तांदूळ रथाच्या चाकापाशी ठेवले.

रात्री हॉटेलच्या वायफायवरून दाजूंना व्हॉट्सअॅप कॉल लावला. त्यांची ड्यूटी नुकतीच लागली होती, मागे आमच्या फाटकाचं कुरकुरणं ऐकू येत होतं. पोचलो म्हटलं. दिवसाच्या गाडीनं म्हटलं. चिठ्ठीचं आणि २४०० रुपयांचंही सांगितलं, लपवलं नाही. ते ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "दिदी, बुटवल में सामने देखा?"

देखा, म्हटलं.

"कैसा दिख रहा था?"

दोन दसऱ्यांत ते घरी गेले नव्हते, हे मला तेव्हा आठवलं. मी फोन मावशीकडे दिला. तिला माझ्यापेक्षा नीट सांगता येतं. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि तिच्या मोडक्या हिंदीत सावकाश सांगू लागली, की डोंगर हिरवागार होता, खाली धूर नव्हता, नदीला पाणी थोडं होतं, आणि रस्त्यावर ऊन पडलेलं होतं.